चाचणी तुकड्याची, आग पडद्याची

गोव्यात हडफडे येथील एका नाइटक्लबला ६ डिसेंबर २०२५ च्या मध्यरात्रीच्या सुमारास आग लागली आणि २५ जणांचा बळी गेला. मृतांमध्ये पर्यटकांपेक्षा तिथे काम करणारे कर्मचारीच अधिक होते. क्लबच्या आत उडवलेल्या इलेक्ट्रिक फटाक्यांमुळे आग लागल्याचे प्राथमिक चौकशीत सांगण्यात आले. मुंबईकरांना ही बातमी वाचताना आठ वर्षांपूर्वीच्या डिसेंबरची आठवण झाली असेल. २०१७ च्या डिसेंबरअखेरीस लोअर परळच्या कमला मिल आवारातील दोन पब असेच मध्यरात्रीनंतर पेटले आणि १४ जण दगावले. हुक्क्यासाठी फुलवलेल्या कोळशाचे निखारे उडून पडद्यांना लागले, असा निष्कर्ष मुंबई अग्निशमन दलाच्या चौकशी अहवालात होता. मृतांपैकी बहुतेकांचा जीव ज्वाळांनी नव्हे, धुराने घेतला.

अशा प्रत्येक घटनेनंतर चर्चा ठरलेल्या वाटेने जाते. परवाना होता का, बांधकाम अनधिकृत होते का, बाहेर पडायचे दार अरुंद होते का, कोणी डोळेझाक केली? हे सारे प्रश्न रास्त आहेत. मात्र एक साधा प्रश्न बहुधा मागे राहतो. ठिणगी ज्यावर पडली ते सजावटीचे कापड कोणते होते आणि ते पेट घेते की नाही, हे कोणी, कधी, कसे तपासले होते?

नाट्यगृहाचा मखमली पडदा, मंगल कार्यालयाच्या छताला ताणलेले सॅटीन, हॉटेलच्या लॉबीतील झालरी, रुग्णालयातील दोन खाटांमधला पडदा, गणेशोत्सवातील मंडपाचे कापड. ही सारी कापडे सार्वजनिक जागेत, माणसांच्या डोक्यावर आणि बाजूला लटकलेली असतात. त्यांच्या ज्वलनशीलतेच्या चाचण्या जगात आहेत, आपल्याकडेही आहेत. प्रश्न असा आहे की चाचणी होते ती प्रयोगशाळेत आलेल्या कोऱ्या तुकड्याची आणि आग लागते ती दहा वेळा धुतलेल्या, धूळ बसलेल्या, मागे अस्तर लावलेल्या, दिव्याला टेकलेल्या पडद्याला. या दोहोंतले अंतर कोण मोजतो?

कापड पेटते म्हणजे काय होते

कापड स्वतः थेट जळत नाही. उष्णता लागली की त्याचे रेणू तुटतात आणि ज्वलनशील वायू बाहेर पडतात. हे वायू हवेतल्या ऑक्सिजनशी मिसळून पेटतात. त्या ज्वाळेची धग शेजारच्या धाग्यांना लागते, तिथून आणखी वायू निघतात आणि साखळी सुरू राहते. लटकलेल्या कापडात ही साखळी फार वेगाने पळते. ज्वाळ वर जाते, त्यामुळे वरचा भाग आधीच तापून तयार असतो. शिवाय कापडाच्या दोन्ही बाजूंना मोकळी हवा असते. तीच चादर जमिनीवर अंथरलेली असेल तर हळू जळते, उभी टांगली तर काही सेकंदांत छताला पोहोचते. छताखाली कापडच ताणलेले असेल तर आग आडवी पसरते आणि पेटते तुकडे खाली माणसांवर पडू लागतात.

कोणते कापड किती सहज जळते याचे एक मोजमाप म्हणजे ऑक्सिजन निर्देशांक. ज्वाळ टिकून राहण्यासाठी हवेत किमान किती टक्के ऑक्सिजन लागतो, ते हा आकडा सांगतो. सुती कापडासाठी तो सुमारे १८ आहे, पॉलिएस्टर आणि नायलॉनसाठी २० ते २१, तर लोकरीसाठी २५ च्या आसपास. आपल्या हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतो. म्हणजे सुती कापडाला जळत राहण्यासाठी लागतो त्यापेक्षा अधिक ऑक्सिजन आपल्या भोवती कायमच असतो. लोकर पेटवायला कठीण जाते ती यामुळेच.

कापड विणले कसे आहे, यालाही महत्त्व आहे. विरळ, हलक्या, जाळीदार कापडात हवा खेळती राहते, म्हणून ते भरभर जळते. मखमलीसारख्या लव असलेल्या कापडावर ज्वाळ केवळ पृष्ठभागावरून सरसर धावत जाऊ शकते. पॉलिएस्टरची गोष्ट वेगळीच. ज्वाळ जवळ आली की ते वितळते आणि आकसून मागे सरते. छोट्या ज्वाळेपुढे हा गुण उपकारक ठरतो, कारण कापड ज्वाळेपासून स्वतःला सोडवून घेते. पण आग मोठी असेल तर हेच वितळलेले थेंब पेटत खाली पडतात, आणि अंगावर पडले तर कातडीला चिकटून खोल भाजतात.

चाचणी कशी होते

सजावटीच्या कापडासाठी जगभर संदर्भ म्हणून वापरली जाणारी एक चाचणी अमेरिकेतील एनएफपीए ७०१ ही आहे. तिच्या पहिल्या पद्धतीत १५० मिलिमीटर रुंद आणि ४०० मिलिमीटर लांब असे कापडाचे दहा तुकडे घेतात. प्रत्येक तुकडा उभा टांगून त्याच्या खालच्या भागाला ४५ सेकंद ज्वाळ लावतात. नंतर दोन गोष्टी पाहतात. तुकड्यांचे वजन सरासरी ४० टक्क्यांपेक्षा अधिक घटता कामा नये आणि खाली पडलेले अवशेष सरासरी दोन सेकंदांपेक्षा अधिक काळ पेटते राहता कामा नयेत. जाडजूड कापडासाठी वेगळी पद्धत आहे. त्यात मोठा नमुना घेऊन दोन मिनिटे ज्वाळ दिली जाते. युरोपात आणि ब्रिटनमध्ये पडद्यांसाठी स्वतंत्र मानके आणि श्रेणी आहेत. तत्त्व सगळीकडे सारखेच आहे. नमुना उभा टांगायचा, ठरावीक वेळ ज्वाळ द्यायची, ज्वाळ काढल्यावर कापड स्वतः विझते का आणि किती पसरते ते पाहायचे.

या चाचणीतून काय कळते, हे नीट समजून घेतले पाहिजे. पास झालेले कापड जळत नाही, असा तिचा अर्थ मुळीच नाही. छोट्या ज्वाळेने ते आगीचा प्रारंभबिंदू होणार नाही, एवढेच ती सांगते. निखारा, ठिणगी, मेणबत्ती, तापलेला दिवा यांच्यापासून बचाव व्हावा आणि माणसांना बाहेर पडायला काही मिनिटे मिळावीत, एवढ्यासाठी ही चाचणी आहे. सभागृहातील खुर्च्या आणि लाकूड पेटल्यानंतर कोणतेही सामान्य सजावटीचे कापड टिकत नाही. पण बहुसंख्य दुर्घटनांची सुरुवात ठिणगीनेच होते, आणि ती काही मिनिटेच जीव वाचवणारी असतात. म्हणून ही मर्यादित चाचणीही मोलाची आहे.

काडी लावून पाहण्याचा धडा

१९४२ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतील बोस्टन शहरात कोकोनट ग्रोव्ह नावाच्या नाइटक्लबची अग्निशमन अधिकाऱ्याने पाहणी केली. सजावटीतल्या कृत्रिम ताडाच्या झाडाला त्याने काडी लावून पाहिली. ते पेटले नाही. अहवालात जागा सुरक्षित असल्याचा शेरा पडला. आठ दिवसांनी, २८ नोव्हेंबरला, तो क्लब पेटला. तळघरातील बारमध्ये छताखाली लावलेले कापड आणि कृत्रिम झाडे यांतून आग काही मिनिटांत वर पोहोचली. ४९२ माणसे मेली. एका कोपऱ्यातील एका पानाला लावलेली काडी संपूर्ण सभागृहाबद्दल काही सांगू शकत नाही, हा धडा त्या घटनेने दिला. अमेरिकेत सार्वजनिक जागांच्या सजावटीचे नियम त्यानंतर कडक झाले.

त्याच्याही आधीची, शिकागोच्या इरोक्वॉय थिएटरची कथा अधिक बोलकी आहे. ३० डिसेंबर १९०३ रोजी दुपारच्या खेळात रंगमंचावरील दिव्याची ठिणगी मलमलीच्या पडद्याला लागली. रंगमंच आणि प्रेक्षक यांच्यामध्ये आग अडवण्यासाठी ॲस्बेस्टॉसचा पडदा होता, पण तो खाली येताना मध्येच अडकला. ६०२ जणांचा मृत्यू झाला. नंतर त्या 'ॲस्बेस्टॉस' पडद्याचे अवशेष एका रसायनतज्ज्ञाने तपासले, तेव्हा त्यात लाकडाचा लगदा मोठ्या प्रमाणावर मिसळलेला आढळला. नाव एक, माल दुसरा. तो पडदा वेळेवर खाली आला असता, तरी फार काळ टिकला नसता.

दोन्ही घटनांतली चूक एकाच जातीची आहे. पहिल्यात नमुना चुकीचा निवडला, दुसऱ्यात नावावर विश्वास ठेवला. आजही प्रमाणपत्र आणि प्रत्यक्ष पडदा यांच्यात फट पडते ती याच दोन ठिकाणी.

फट कुठे पडते

पहिली फट धुलाईची. सुती कापडाला ज्वालारोधक करण्याची जुनी रीत म्हणजे क्षारांच्या द्रावणात बुडवून वाळवणे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ गे-ल्युसॅक यांनी १८२१ साली नाट्यगृहांतील कापडासाठी अमोनियम क्षार आणि टाकणखार यांच्या मिश्रणाचा अभ्यास मांडला होता. दोनशे वर्षांनंतरही आपल्याकडे मंडपाच्या कापडासाठी सुचवले जाणारे द्रावण त्याच कुळातले आहे. त्यात अमोनियम सल्फेट, टाकणखार, बोरिक आम्ल, तुरटी असते. अशा प्रक्रियेत धाग्यांवर बसलेले क्षार उष्णता लागली की सेल्युलोजचे ज्वलनशील वायूत रूपांतर होऊ न देता त्याचा कोळसा आणि पाणी करतात. उपाय स्वस्त आणि प्रभावी आहे. पण हे क्षार पाण्यात विरघळतात. पडदा एकदा धुतला की संरक्षण नाल्यात जाते. कोकणासारख्या दमट हवेत क्षार ओल धरतात, पावसात भिजलेल्या कापडातून ते निघूनही जातात. पडदा दिसायला मात्र पूर्वीसारखाच असतो. प्रमाणपत्रही कार्यालयातील फाइलमध्ये सुरक्षित असते.

याला उत्तर आहे. काही पॉलिएस्टर धाग्यांमध्ये फॉस्फरसयुक्त घटक रेणूच्या साखळीतच गुंफलेला असतो. तो धुऊन जात नाही. हे कापड महाग पडते. खरेदीच्या वेळी निविदेत केवळ 'अग्निरोधक पडदे' एवढेच लिहिले असेल, तर वरून फवारलेले आणि मुळातच ज्वालारोधक असलेले, दोन्ही कापडे कागदावर सारखीच ठरतात. मग स्वस्त दराचे कापड जिंकते.

दुसरी फट मिश्रणाची. सुती कापड एका रीतीने वागते, पॉलिएस्टर दुसऱ्या. दोन्ही एकत्र विणले की तिसरेच काही घडते. सुताचा जळून झालेला कोळसा सांगाड्यासारखा उभा राहतो आणि वितळलेले पॉलिएस्टर त्यावर दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे चढून जळते. ज्वाळेपासून आकसून पळण्याचा पॉलिएस्टरचा गुण इथे निरुपयोगी ठरतो. हीच गोष्ट अस्तराची. पडदा स्वतंत्रपणे पास, अस्तर स्वतंत्रपणे पास, दोन्ही एकत्र शिवले तर नापास, असे होऊ शकते. एनएफपीए ७०१ मधील पूर्वीची लहान नमुन्याची पद्धत १९९० च्या दशकात बदलावी लागली, त्यामागे हेच कारण होते. छोट्या चाचणीत पास होणारी काही कापडे मोठ्या आकारात टांगल्यावर वाईट रीतीने जळत होती. मागे रबराचा थर दिलेले 'ब्लॅकआउट' पडदे, वर जरी किंवा टिकल्या चिकटवलेली कापडे, कागदी आणि फोमची फुले लावलेल्या झालरी यांच्याबाबत म्हणूनच तयार वस्तूची चाचणी हवी, कोऱ्या कापडाची पुरेशी नाही.

तिसरी फट नमुन्याची. हाँगकाँगच्या ताय पो भागातील वांग फुक कोर्ट या उंच निवासी संकुलाला २६ नोव्हेंबर २०२५ रोजी लागलेल्या आगीत दीडशेहून अधिक माणसे मेली. तिथे दुरुस्तीसाठी इमारतींभोवती बांबूची परांची आणि त्यावर संरक्षक जाळी बांधली होती. हे सजावटीचे कापड नव्हे, पण चाचणीचा प्रश्न अगदी तोच आहे. आगीनंतर वेगवेगळ्या ठिकाणांहून घेतलेल्या जाळीच्या २० नमुन्यांपैकी ७ नापास झाले. तपास यंत्रणांनी सांगितलेली माहिती अंगावर काटा आणणारी होती. निकृष्ट जाळी आधी मोठ्या प्रमाणावर घेतली गेली. नंतर नियमात बसणारी जाळी थोडीच विकत घेऊन ती इमारतींच्या तळाशी, म्हणजे तपासनीस सहज नमुना कापून नेईल अशा उंचीवर लावण्यात आली. चाचणी झाली, निकाल खरा आला आणि तरीही तो खोटा होता. नमुना कुठून घ्यायचा हे ज्याची तपासणी होणार आहे त्याला आधी ठाऊक असेल, तर प्रयोगशाळा कितीही चांगली असली तरी तिचा उपयोग नाही.

आपल्याकडचे नियम

भारतात या विषयावर मानकेच नाहीत, असा समज असेल तर तो चुकीचा आहे. पडदे आणि तत्सम टांगती कापडे पेट घेण्यास किती विरोध करतात यासाठी भारतीय मानक ब्युरोचे आयएस १५७४१ हे मानक २००७ पासून आहे. घरगुती वापराबाहेरच्या गादीदार खुर्च्या-सोफ्यांसाठी वेगळे मानक आहे. मानक ब्युरोची मानके एरवी ऐच्छिक असतात. सरकारने गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला तरच ती बंधनकारक होतात. केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाने २०२३ मध्ये संरक्षक वस्त्रांसाठी असा आदेश काढला, तेव्हा त्या यादीत पडद्यांच्या आणि गादीदार खुर्च्यांच्या मानकांचाही समावेश होता. म्हणजे धोरणकर्त्यांना हा विषय ठाऊक आहे.

मंडपांसाठी तर त्याहून जुने मानक आहे. आयएस ८७५८ हे तात्पुरत्या मांडवांतील आगीच्या खबरदारीसाठी आहे. मांडवात कृत्रिम धाग्यांचे कापड आणि दोर वापरू नयेत, छत किमान तीन मीटर उंच असावे, भोवती मोकळी जागा असावी, विजेच्या तारांखाली मांडव घालू नये, अशा सूचना अग्निशमन विभाग त्याच्याच आधारे देत असतात. या सूचनांमागे किती मोठी किंमत मोजलेली आहे ते हरियाणातील डबवालीला विचारावे. २३ डिसेंबर १९९५ रोजी तिथे शाळेच्या वार्षिक बक्षीस समारंभात कृत्रिम कापडाचा मांडव पेटला. जळते, वितळते छत खाली बसलेल्या मुलांवर आणि पालकांवर कोसळले. बाहेर पडायला पुरेशी वाट नव्हती. काही मिनिटांत संपलेल्या त्या आगीत चारशेहून अधिक जण गेले, त्यांत मुलांची संख्या मोठी होती. २०२२ च्या नवरात्रात उत्तर प्रदेशात भदोही जिल्ह्यातील दुर्गापूजेच्या मांडवाला लागलेली आगही हॅलोजन दिवा तापल्याने लागल्याचे तपासात पुढे आले.

डबवालीला आता तीस वर्षे झाली. आजच्या लग्नाच्या हॉलमध्ये किंवा उत्सवाच्या मंडपात नजर वर करून पाहा. छताला ताणलेले चकचकीत कापड जवळजवळ नेहमी पॉलिएस्टरचेच असते. ते स्वस्त आहे, हलके आहे, रंगीत आहे, पावसात लवकर वाळते. मंडप डेकोरेटरला त्यासाठी दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्या गोदामातील गठ्ठा एका हंगामात वीस ठिकाणी लागतो. त्या कापडाला ज्वालारोधक प्रक्रिया केली आहे का, हे ग्राहक विचारत नाही. परवानगी देणारे कार्यालय विचारते ते बहुधा अर्जावर. मानक कृत्रिम कापड नको म्हणते आणि बाजारात दुसरे कापड मिळत नाही, अशा वेळी नियम केवळ कागदावर उरतो. त्यापेक्षा ज्वालारोधक पॉलिएस्टर कोणते चालेल, त्याची चाचणी कोणती आणि खूण कोणती, हे स्पष्ट सांगणारा नियम अधिक पाळला जाईल.

कायम इमारतींची अडचण वेगळी आहे. महाराष्ट्रात २००६ च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायद्यानुसार इमारतीचा मालक किंवा भोगवटादार यांनी दर वर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये, परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र घेऊन सादर करायचे असते. ही तरतूद चांगली आहे. परंतु यंत्रणा म्हटले की डोळ्यांपुढे येतात ते पंप, पाण्याच्या वाहिन्या, तुषार सिंचन, धूरशोधक, लाल सिलिंडर. छताखालचे कापड हे ना यंत्रणा, ना बांधकाम. ते आतील सजावटीत मोडते आणि सजावट दर दोन-तीन वर्षांनी बदलते. इमारतीला ना हरकत दाखला मिळाला तेव्हा जे पडदे होते ते आज नसतात.

कोल्हापूरचे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत भस्मसात झाले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेली, शतक ओलांडलेली ती वास्तू जळताना पाहून अख्खे शहर हळहळले. सुदैवाने आत प्रयोग चालू नव्हता, जीवितहानी झाली नाही. त्या आगीचा दोष कोणत्याही एका वस्तूवर ढकलण्याचा इथे हेतू नाही. पण नाट्यगृह म्हणजे काय असते ते यानिमित्ताने पाहावे. लाकडी रंगमंच, त्यावर अनेक थरांचे पडदे आणि झालरी, वरच्या बाजूला तापणारे दिवे, खाली शेकडो गादीदार खुर्च्या आणि मधे वाऱ्याला वर ओढणारी उंच पोकळी. राज्यातील जिल्ह्या-जिल्ह्यांतील नाट्यगृहे नगरपालिका आणि महापालिका चालवतात. त्यांच्या रंगमंचावरील पडद्यांची शेवटची ज्वलनचाचणी कधी झाली, हा प्रश्न विचारायला एखादी आग लागण्याची वाट पाहायला नको.

धूर आणि औषधाचे दुष्परिणाम

आरोग्याच्या दृष्टीने या विषयाला आणखी दोन बाजू आहेत. पहिली धुराची. बंद जागेतील आगीत माणसे बहुधा भाजून मरण्याआधी गुदमरतात. जळत्या कापडातून आणि फोममधून कार्बन मोनॉक्साइड निघतो. तो रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. लोकर, नायलॉन, ॲक्रिलिक आणि खुर्च्यांतील पॉलियुरेथेन फोम यांत नायट्रोजन असतो, त्यामुळे त्यांच्या धुरात हायड्रोजन सायनाइडही असू शकतो. तो पेशींना ऑक्सिजन वापरूच देत नाही. दोन्ही वायू एकत्र आले की काही श्वासांत माणूस गोंधळतो, दार समोर असूनही सापडत नाही. इथे एक व्यावहारिक सूचना लक्षात ठेवावी. धुरातून बाहेर आलेल्या व्यक्तीच्या बोटाला लावलेला साधा ऑक्सिमीटर कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा असतानाही ९८ किंवा ९९ असा आकडा दाखवू शकतो, कारण त्याला दोन प्रकारच्या हिमोग्लोबिनमधला फरक कळत नाही. अशा व्यक्तीला डोके दुखणे, मळमळ, गुंगी काहीही असेल तर आकड्यावर न जाता रुग्णालयात न्यावे.

पडद्याची नेहमीची चाचणी ज्वाळेचा प्रसार पाहते, धुराचे विष मोजत नाही, हेही ध्यानात घ्यायला हवे.

दुसरी बाजू रसायनांची. ज्वालारोधक म्हणून काही दशके वापरलेली ब्रोमीनयुक्त संयुगे पर्यावरणात टिकून राहतात, घरातील धुळीत उतरतात आणि शरीरातील चरबीत साठतात. लहान मुलांच्या झोपायच्या कपड्यांत वापरलेले 'ट्रिस' हे संयुग कर्करोगकारक असल्याच्या शंकेमुळे अमेरिकेत १९७७ मध्ये बंद झाले. पडद्यांच्या आणि खुर्च्यांच्या कापडामागे थर देण्यासाठी वापरले जाणारे एचबीसीडी २०१३ मध्ये स्टॉकहोम करारातील घातक रसायनांच्या यादीत आले आणि भारतानेही त्यावर बंदी घातली. यावरून ज्वालारोधक कापडच नको, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. घरातील प्रत्येक उशीला अशी रसायने लावणे आणि हजार माणसांच्या सभागृहातील पडदा सुरक्षित करणे यांत फरक आहे. सार्वजनिक जागेसाठी लोकर, धाग्यातच गुंफलेला फॉस्फरस असलेले पॉलिएस्टर, काचतंतूंचे कापड असे पर्याय आहेत. खरेदी करणाऱ्याने प्रमाणपत्रासोबत कोणते रसायन वापरले तेही विचारावे.

जपानचा शिक्का

कागदावरील प्रमाणपत्र आणि टांगलेला पडदा यांना जोडण्याचा सर्वांत साधा मार्ग जपानने अवलंबला आहे. तिथल्या अग्निसेवा कायद्यानुसार नाट्यगृहे, हॉटेले, रुग्णालये, भूमिगत बाजार आणि ३१ मीटरपेक्षा उंच इमारती यांतील पडदे, गालिचे ज्वालारोधकच असावे लागतात आणि प्रत्येक पडद्यावर तशी खूण शिवलेली असावी लागते. पडदा पाण्यात धुतला तरी चालेल, फक्त ड्राय क्लीनिंग चालेल की धुतल्यावर पुन्हा प्रक्रिया करावी लागेल, याचाही भेद त्या खुणेतून कळतो. तपासनीसाला फाइल उघडावी लागत नाही, पडद्याची किनार उलटून पाहिली की पुरे. न्यूयॉर्क शहरात कापडावर ज्वालारोधक प्रक्रिया करणाऱ्या व्यक्तीला अग्निशमन विभागाकडून स्वतंत्र पात्रता प्रमाणपत्र घ्यावे लागते. म्हणजे काम कोणी केले, याचा माग राहतो.

आपल्याला यासाठी नवा कायदा करण्याची गरज नाही. जानेवारी-जुलैच्या सहामाही प्रमाणपत्रात आतील सजावटीचा एक रकाना घालता येईल. कापड कोणते, कोणत्या मानकाने तपासलेले, बसवले कधी, धुतले कितीदा, पुढची चाचणी कधी, एवढेच त्यात लिहायचे. नमुना टांगलेल्या पडद्यातून आणि तपासनीसाने स्वतः निवडलेल्या जागेतून कापला जावा. महापालिकांनी आपल्याच नाट्यगृहांपासून आणि रुग्णालयांपासून सुरुवात केली तर खासगी मंगल कार्यालयांना सांगायला तोंड राहील. मंडप डेकोरेटरांच्या गठ्ठ्यांवर खूण असण्याची अट गणेशोत्सवाच्या परवानगीत टप्प्याटप्प्याने आणता येईल. आणि बंद सभागृहात फटाके, 'कोल्ड पायरो' यंत्रे, उघडे निखारे यांना कापडाच्या छताखाली जागाच नसावी. इराकमधील काराकोश येथे २०२३ च्या सप्टेंबरमध्ये लग्नाच्या हॉलमध्ये उडवलेल्या फटाक्यांनी छताची सजावट पेटली आणि शंभरहून अधिक वऱ्हाडी मेले. आपल्या लग्नांतही नवरा-नवरीच्या प्रवेशाला आता अशीच कारंजी उडतात.

वाचकांच्याही हातात थोडे आहे. हॉल ठरवताना जेवणाच्या ताटाचा दर, पार्किंग आणि वातानुकूलन यांची चौकशी आपण करतोच. त्याच बैठकीत तीन गोष्टी विचाराव्यात. छताचे कापड ज्वालारोधक आहे का आणि त्याची चाचणी कधीची आहे? दिवे कापडापासून किती लांब आहेत? सजावटीने बाहेर जायचे एखादे दार झाकले तर गेलेले नाही? पहिल्या दहा ग्राहकांना व्यवस्थापकाकडे उत्तर नसेल. विसाव्या ग्राहकापर्यंत तो डेकोरेटरला विचारू लागेल आणि डेकोरेटर कापडाच्या व्यापाऱ्याला. बाजारात ज्वालारोधक कापडाला मागणी निर्माण होण्याची ही वाट सरकारी आदेशाइतकीच गरजेची आहे.